निर्धन अर्जदाराची विहीर

कोर्टात बेलीफ म्हणून रुजू झाले तेव्हा पहिली काही वर्षं मला कुणी बेलीफ समजलंच नाही. दारात उभी राहिले की कुणाला वाटायचं पोलिओच्या डोसाची बाई आली, कुणाला वाटायचं बचतगटाची. पाणी यायचं, खुर्ची यायची, कधी चहाही यायचा. मग मी पिशवीतून समन्स काढलं की घरातली माणसं एकेक करून आत निघून जायची आणि खुर्चीत मी एकटी उरायचे. आमच्या ऑफिसातले पुरुष बेलीफ लोकांना लांबूनच ओळखू येतात. त्यांना पाहून कुत्रीसुद्धा वेगळी भुंकतात, असं आमचे नाझर साहेब म्हणायचे. नाझर म्हणजे आम्हा बेलीफांचे वरिष्ठ. कुठला कागद कुणी कुठं बजावायचा हे तेच ठरवतात. बाईमाणसाला गावोगाव कसं पाठवायचं म्हणून सुरुवातीला ते काळजीत असत. नंतर त्यांच्या लक्षात आलं की मला दार उघडतं. तेव्हापासून जे पक्षकार घरी असून नसतात, त्यांचे कागद माझ्या वाट्याला येऊ लागले.

असाच एक कागद झरीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या प्रकरणात आला. त्यांना मी बाबा म्हणायचे, ते मला बाय म्हणायचे. साठीच्या पुढचे, काटक, अंगात नेहमी धुतलेला पांढरा शर्ट, आणि बोलायला लागले की थांबणं अवघड.

त्यांचं प्रकरण असं होतं. डोंगराला लागून त्यांचं शेत. खाली भात, वरच्या उतारावर नागली, आणि शेताच्या कोपऱ्यात त्यांच्या वडिलांनी दगडात बांधलेली विहीर. ते तिला बाव म्हणायचे. पलीकडच्या टेकडीवर एका कंत्राटदाराची दगडखाण सुरू झाली. सुरुंग उडू लागले. एका दुपारी सुरुंगांचा मोठा बार झाला आणि विहिरीची एक बाजू आत कोसळली. पाणी काही दिवस गढूळ राहिलं आणि मग खालच्या खाली निघून गेलं. बाबा खाणीवर गेले, तर तिथल्या माणसानं लेखी द्या म्हणून सांगितलं. त्यांनी लेखी दिलं. मग त्यानं शेठना भेटा म्हणून सांगितलं, आणि शेठ काही भेटेनात. तोवर बाबांची बायको लांबच्या बोअरिंगवरून डोक्यावर पाणी आणू लागली होती, आणि रोज हंडा उतरवताना ती एकच प्रश्न विचारायची, की तुमच्या लेखी कागदाला पाणी कधी लागणार.

शेवटी कुणीतरी त्यांना आमच्याकडे धाडलं. विधी सेवा समितीतून त्यांना एक तरुण वकील फुकट मिळाला. वकिलाचा प्रश्न सुटला, पण दाव्याचा नाही. दावा नुकसानभरपाईचा, आणि अशा दाव्याची कोर्ट फी नुकसानीच्या रकमेवर ठरते. ज्याचं जास्त बुडालं, त्यानं दारातच जास्त मोजायचं. हे कायदा करणाऱ्यांनाही खटकलं असावं, म्हणून त्यांनी शेजारी एक लहान दार ठेवलं आहे. ज्याला फी भरणं शक्य नाही त्यानं तसा अर्ज करायचा, कोर्टानं चौकशी करायची, आणि ह्या माणसाकडे खरोखरच काही नाही अशी खात्री पटली की त्याला फीशिवाय आत घ्यायचं. अशा माणसाला कागदोपत्री पूर्वी नादार म्हणत, आता निर्धन म्हणतात. शब्द तेवढा सुधारला आहे.

चौकशीची पहिली पायरी म्हणजे अर्जदाराचा जबाब. त्या दिवशी मी माझा एक अहवाल द्यायला कोर्टात बसले होते. बाबांच्या वकिलानं त्यांना बाहेर बाकावर बसवून पढवलेलं मी पाहिलं होतं. साहेबांनी विचारलं तर माझ्याकडे काही नाही, एवढंच सांगायचं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि बाबा मान डोलावत होते.

पिंजऱ्यात शपथ झाली. आमचे त्या वेळचे न्यायाधीश मृदू बोलणारे होते. त्यांनी आपुलकीनं विचारलं, "बाबा, तुमच्या मालकीचं काय काय आहे?"

आजवर हा प्रश्न बाबांना इतक्या आदरानं कुणी विचारला नसावा. त्यांनी कोर्टभर एकदा नजर फिरवली. मागच्या बाकांवर त्यांच्या गावची माणसं बसली होती, दुसऱ्याच कुठल्या तरी प्रकरणासाठी आलेली. बाबांनी बैलांपासून सुरुवात केली. अशी जोडी तालुक्यात दुसरी नाही, हे आधी सांगितलं. मग घर आलं, घराचे सागाचे खांब आले, ते आजोबांनी कसे आणले ते आलं. मग आंब्याची झाडं, ताडाची झाडं. मग दोन मुली कशा चांगल्या घरी दिल्या आहेत आणि एक जावई उंबरगावला कारखान्यात कसा कायम झाला आहे ते आलं. त्यांचा वकील खोकत होता. खोकून खोकून शेवटी शिपायानं त्याला पाणी आणून दिलं.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही गरीब नाही?"

"नाय साहेब," बाबा म्हणाले. "गरीब कशाला? माझ्याकडं पैसे नायत, येवढंच."

कोर्टात कुणी हसलं नाही. साहेबांनी टंकलेखकाला वाक्य सांगितलं. जबाबात आलं ते असं: अर्जदाराजवळ रोख रक्कम नाही.

बाहेर आल्यावर वकील म्हणाला की अशानं तुम्ही माझी केस बुडवाल. बाबांनी त्याची समजूत काढली. एक तर शपथ घेतलेली, आणि दुसरं म्हणजे मागच्या बाकावर धाकट्या मुलीचा सासरा बसलेला. त्याच्यासमोर माझ्याकडे काही नाही म्हणून कसं सांगायचं? हे वकिलालाही पटलं असावं. त्याचं स्वतःचंच लग्न त्या वर्षी ठरत होतं.

अर्ज मात्र फेटाळला गेला नाही. पुढची पायरी म्हणून विरुद्ध पक्षाला आणि सरकारला नोटीस काढायचा हुकूम झाला. हा माणूस निर्धन आहे असं म्हणतो आहे, तुमची हरकत असेल तर येऊन सांगा, अशी ती नोटीस. सरकार लगेच सापडलं. कंत्राटदार सापडेना.

माणूस ओळखून दाखवायला अर्जदारानं बेलीफासोबत जायचं असतं. बाबा आणि मी टमटम आणि बस बदलत दोनदा अच्छाडला जाऊन आलो. तिथं हमरस्त्याला लागून, ट्रकांच्या रांगेच्या पलीकडे, कंत्राटदाराचा वजनकाटा आणि ऑफिस होतं. वजनकाट्यावरचा माणूस मला पाहून उठून उभा राहायचा, बाबांना पाहून बसायचा. पहिल्यांदा म्हणाला, "शेठ वापी गया छे." पुढच्या खेपेला शेठ सुरतला गेले होते. शेठची गाडी मात्र दोन्ही वेळा झाडाखाली सावलीत उभी होती आणि ड्रायव्हर तिचे आरसे पुसत होता. मी अहवालात लिहिलं, सदर इसम मिळून आले नाहीत. आमच्या खात्यात हे वाक्य इतकं चालतं की ते लिहिताना हात आपोआप पुढं जातो. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत ज्याच्याकडे काही नाही तो माणूस घरी मिळाला नाही, असं फारसं झालेलं नाही. तो ओट्यावरच बसलेला असतो. ज्याची दोन ऑफिसं आणि तीन फोन असतात, त्याचा पत्ता लागत नाही.

त्यानंतर मी माझी स्कूटी काढली. बाबांनी मागं बसायला आधी साफ नकार दिला. बाईमाणसाच्या मागं बसून तलासरीच्या बाजारातून जायचं म्हणजे लोक काय म्हणतील? पण टमटमचं भाडं दोघांनाही जड जात होतं, कारण फुकट दाव्यात बेलीफालाही प्रवासाचं काही मिळत नाही. शेवटी ते बसले, छत्री काखेत धरून, अंग मागं तोलून, जणू गाडी त्यांची आणि मी ड्रायव्हर. बाजारातून जाताना ते ओळखीच्यांना हात करू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोच्या कानावर गेलंच. मी डोक्यावर पाणी वाहते आणि हे कोर्टातल्या बाईबरोबर गाडीवरून फिरतात, असं ती म्हणाली म्हणे. हे मला बाबांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना बरं वाटत होतं.

कंत्राटदार घरी कधी सापडेल याची खबर बाबांनीच आणली. पौर्णिमेला शेठच्या बंगल्यावर सत्यनारायण आहे, असं खाणीवरच्या ट्रकवाल्यानं त्यांना बाजारात सांगितलं होतं. मी नाझर साहेबांना विचारलं, पूजेच्या दिवशी नोटीस द्यावी का? ते म्हणाले, दिवस कामकाजाचा आहे आणि सूर्य मावळायच्या आत द्यायची आहे, मग पूजा असो नाहीतर बारसं. शिवाय यजमान त्या दिवशी घरी असणार, हे नक्की.

बंगला चारोटीच्या पलीकडे, चिकूच्या वाडीत. फाटकात फुलांचं तोरण, आत लाऊडस्पीकरवर मंत्र. बाबांना मी गाडीजवळ थांबायला सांगितलं. फाटकातून आत पाऊल टाकते तोच शेठची बायको समोर आली आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "या या, तुम्ही शाळेतल्या ना?" मी सांगितलं, मी कोर्टातून आलेय. लाऊडस्पीकरमध्ये ते बुडालं. मी पुन्हा सांगितलं. तिनं हसून मान डोलावली, माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि मला बायकांमध्ये नेऊन बसवलं. मग तिचं लक्ष फाटकाबाहेर गेलं. तिनं नोकराला पाठवून बाबांनाही आत बोलावून घेतलं. प्रसादाच्या वेळी दाराशी आलेलं माणूस बाहेर उभं राहू नये, असं ती शेजारच्या बाईला सांगत होती.

समोर पाटावर पीतांबर नेसून कंत्राटदार बसला होता. कथेचा तिसरा अध्याय चालू होता. ज्या माणसासाठी मी अच्छाडच्या धुळीत हेलपाटे घातले, तो आता माझ्यापासून चार हातांवर होता आणि उठून जाऊ शकत नव्हता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नमस्कार केला. बाबा भिंतीला टेकून बसले होते. डोळे मिटून कथा ऐकत होते, आणि अध्याय संपला की सगळ्यांच्या आधी हात जोडत होते. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. पूजेत मध्येच उठून नोटीस द्यावी असं मला वाटलं नाही, पण तसं करायला कायद्याची मनाईही नव्हती, म्हणजे निर्णय माझा मलाच घ्यायचा होता. मी आरतीपर्यंत थांबले.

आरतीनंतर यजमानानं स्वतःच्या हातानं प्रसाद वाटायला घेतला. माझ्यापर्यंत आला. मी शिरा घेतला, खाल्ला, रुमालाला हात पुसला आणि नोटीस काढली. "कोर्टाची नोटीस आहे," मी शक्य तितक्या हळू म्हटलं. "इथं सही लागेल."

तो माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आजच?"

"इतर दिवशी तुम्ही मिळून आला नाहीत."

त्यानं विचारलं, कुणाची नोटीस? मी काही बोलायच्या आत बाबा पुढं झाले. त्यांच्या ओंजळीत शिरा होता. "माझी," ते म्हणाले. "मी बाववाला."

कंत्राटदार त्यांच्याकडे बघत राहिला. माझ्या मते त्यानं त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. काय चाललंय ते न कळलेली त्याची बायको तेवढ्यात आली आणि बाबांच्या ओंजळीत आणखी एक डाव शिरा घालून गेली. कंत्राटदारानं सही केली. बोटांना तूप होतं, ते कोर्टाच्या प्रतीवर उमटलं, आणि तो डाग पुढं फाईलमध्ये कायम राहिला.

आम्ही परत निघालो. चारोटीच्या नाक्यावर गाडी थांबली तेव्हा बाबा म्हणाले की शिऱ्यात केळं कमी होतं. मग पुढं गेल्यावर म्हणाले, "माणूस वाईट नाय वाटला." पुढं चढावर गाडी हळू झाली तेव्हा ते म्हणाले, "पण बाव त्यानंच पाडली."

नाझर साहेबांनी माझा अहवाल वाचून एकच विचारलं, प्रसाद नोटीस देण्याआधी खाल्ला की नंतर? मी म्हटलं, आधी. ते म्हणाले, मग ठीक आहे. आधी खाल्ला तर भक्ती, नंतर खाल्ला असता तर लाच.

इकडे सरकारच्या बाजूनं चौकशी सुरू झाली होती. अर्जदाराकडे काय काय आहे ते पाहायला तलाठी आणि बरोबर दोन माणसं बाबांच्या घरी जायची होती. साहेबलोक येणार हे कळल्यावर बाबांना एकच चिंता पडली, की त्यांना बसवायचं कुठं. त्यांनी शेजाऱ्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, टेबलपंखा आणला, स्टीलचे पेले आणले. अंगण सारवून घेतलं. पाहुणे आले, खुर्च्यांवर बसले, पंख्याचा वारा घेतला, पेल्यातून सरबत प्याले आणि नंतर ते सगळं पंचनाम्यात लिहून घेतलं. खुर्च्या, पंखा, पेले. बाबा शेजारी उभे राहून पाहत होते. खुर्च्या आपल्या नाहीत हे त्यांनी का सांगितलं नाही, असं मी नंतर विचारलं. ते म्हणाले की पाहुणा बसलेला असताना त्याच्या खालची खुर्ची दुसऱ्याची आहे, असं सांगायची आमच्याकडे रीत नाही.

पंचनामा वाचून त्यांच्या वकिलानं डोकं धरलं. त्याची खरी परीक्षा मात्र पुढच्या तारखेला होती. कंत्राटदारानं बाहेरून एक ज्येष्ठ वकील आणला होता, आवाज भारदस्त, मराठी छापील. बाबांच्या निर्धनतेला हरकत घेणारं म्हणणं त्यांनी लेखी दिलं आणि वाचूनही दाखवलं. सदर अर्जदार हा सधन शेतकरी असून, त्याच्या शेतात दगडी बांधकामाची, बारमाही पाण्याची उत्तम विहीर आहे; सदर विहिरीच्या पाण्यावर अर्जदार वर्षातून दोन पिकं घेतो; त्याच्याकडे बैलजोडी, फळझाडं, फर्निचर आणि विजेची उपकरणं आहेत; सबब त्याची फीमाफीची मागणी फेटाळावी.

बाबांचा वकील उठायला लागला, तर बाबांनी त्याचा कोट मागून ओढून त्याला खाली बसवलं. समोरचा माणूस त्यांच्या विहिरीबद्दल बोलत होता, आणि ते एक शब्दही चुकवायला तयार नव्हते. मधल्या सुट्टीत बाहेर भेटले तेव्हा चेहरा फुललेला. "येवढं चांगलं तर माझ्या सासऱ्यानंपण कधी म्हटलं नव्हतं," ते म्हणाले.

दुपारी शेजारी साक्षीला आला. खुर्च्यांच्या पाठीवर त्याच्या बायकोचं नाव रंगानं लिहिलेलं आहे, असं त्यानं सांगितलं, आणि पुरावा म्हणून एक खुर्ची बसच्या टपावर टाकून घेऊनही आला होता. कोर्टानं ती पाहिली. नंतर तिच्यावर बाहेर शिपाई बसला. न्यायाधीशांनी हुकूम दिला तो सरळ होता. राहतं घर आणि शेतीचे बैल धरायचे नाहीत, ज्या मालमत्तेबद्दल भांडण आहे तीही मोजायची नाही, आणि उरलेल्यातून फी निघत नाही. अर्ज मंजूर. दावा दाखल.

म्हणजे बाबा आता कोर्टाच्या शिक्क्यानिशी निर्धन ठरले. हुकुमात तो शब्द आहे हे त्यांनी गावात कुणाला सांगितलं नाही. कोर्टानं आपली केस घेतली, असं सांगितलं, आणि तेही खरंच होतं.

मग तारखा पडत गेल्या. मृदू बोलणाऱ्या साहेबांची बदली झाली आणि त्यांच्या जागी एक मॅडम आल्या. दाव्याचं समन्स कंत्राटदाराच्या वकिलानंच परस्पर स्वीकारलं होतं, त्यामुळे माझं काम तिथं संपलं होतं; पण या प्रकरणाची तारीख असली की मी काहीतरी निमित्त काढून कोर्टात जाऊन बसत असे. कंत्राटदारानं आता दाव्याला रीतसर उत्तर दिलं. ते वाचलं जात असताना मी दाराशी उभी होते. वादीच्या शेतात विहीर कधीही अस्तित्वात नव्हती. असल्यास ती वापरात नव्हती. वापरात असल्यास ती भूकंपाच्या धक्क्यांनी पडली.

भूकंपाचं खोटं म्हणता येत नव्हतं. त्या काळात आमच्याकडे धक्के बसायचेच. माणसं अंगणात झोपत, भिंतींना तडे गेले होते, आणि नंतर नंतर कुणाच्या घरातलं मडकं फुटलं तरी सून म्हणायची, धक्का बसला. पण जी विहीर कधी नव्हतीच ती धक्क्यानं कशी पडली, हा प्रश्न उरतच होता.

मॅडमनी फाईल मागं चाळली. तुपाचा डाग असलेलं पान ओलांडून त्या पुढं आल्या आणि एका कागदावर थांबल्या. तो त्यांनी शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला: दगडी बांधकामाची, बारमाही पाण्याची उत्तम विहीर. मग चष्मा काढून ज्येष्ठ वकिलांना विचारलं, "हे दोन्ही कागद एकाच पक्षकाराचे ना?"

वकील हो म्हणाले.

"मग विहीर आहे की नाही, ते एकदा ठरवून सांगा."

त्यांनी मुदत मागितली. मुदत मिळाली, आणि त्या मुदतीत कंत्राटदार तडजोडीला तयार झाला.

तडजोडीची बोलणी वकिलांच्या खोलीत झाली. तिथून बाहेर आलेल्या बाबांनी मला सांगितलं की शेठ सध्या फार अडचणीत आहेत. मोठी कामं अडकली आहेत, बिलं निघत नाहीत, हातात रोकड म्हणून नाही. बाबा हे इतक्या कळवळ्यानं सांगत होते की मला भीती वाटली, हे दावा काढून घेऊन वर त्यालाच काहीतरी देऊन येतात की काय. तसं झालं नाही. रोकड नसली तरी कंत्राटदाराकडे दगड होता, यंत्रं होती, माणसं होती. त्यानं विहीर पुन्हा बांधून द्यायची, आणखी खोल न्यायची आणि कोर्टाची फी सरकारात भरायची, असं ठरलं. बाबांनी दोनच अटी घातल्या. पायऱ्या पूर्वीसारख्या उगवतीकडूनच हव्यात, आणि काम चालू असताना आपण तिथं उभे राहणार.

त्यांनी ती दुसरी अट पुरेपूर पाळली. त्यांची बायको एकदा विधी सेवेच्या ऑफिसात कसल्याशा कागदावर अंगठा द्यायला आली होती. तिला मी तेव्हा प्रथमच पाहिलं. उंच, कमी बोलणारी बाई. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "गाडीवाली तू का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, मजूर रोज पळून जातात, कारण हे एकेक दगड तीनदा बदलायला लावतात. तू सांगून बघ, तुझं ऐकतील. मी सांगून पाहिलं नाही. बाबांना हुकूम सोडायची संधी आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती.

विहीर झाली. पाणी आलं. उन्हाळ्यात थोडं खाली जातं, पण आटत नाही. पाण्याची चव पहिल्यासारखी नाही, असं बाबांचं मत. चव तीच आहे, तोंड बदललं, असं त्यांच्या बायकोचं.

हे सगळं मी एव्हाना विसरून गेले असते. पण गेल्या वर्षी नाझर साहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी माझ्या हातात एक नोटीस दिली, आणि पत्ता वाचून मी थांबले. अर्जदार होता बाबांच्या थोरल्या भावाचा मुलगा. त्याचं म्हणणं होतं की विहीर मुळात आजोबांनी बांधली, तेव्हा तिच्यात त्याचाही अर्धा हिस्सा आहे; चुलते पाणी देतात, पण उपकार केल्यासारखं देतात. कोर्ट फी भरायची ऐपत नाही म्हणून त्यानंही निर्धन ठरवण्याचा अर्ज केला होता, आणि हरकतीची नोटीस जायची होती ती बाबांना.

मी स्कूटी काढून झरीला गेले. बाबा विहिरीच्या काठावर बसून कुठल्याशा पायरीच्या फटीत सिमेंट भरत होते. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, बाबा, आज मी नोटीस घेऊन आलेय, तुमच्यासाठी. त्यांनी हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि मला वाचून दाखवायला सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. पुतण्याच्या अर्जात त्यांना सधन म्हटलं होतं, तिथं त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग त्यांनी सही केली. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात सोपी बजावणी. पुतण्याला फुकटचा वकील कोणता मिळाला, एवढंच त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. वकील बरा आहे, ते म्हणाले, फक्त फार खोकतो.

आम्ही चहा घेत होतो तेव्हा पुतण्याची बायको कळशी घेऊन आली. मला पाहून थबकली, मग पायऱ्या उतरली आणि पाणी भरू लागली. बाबांनी तिला बजावलं, तिसऱ्या पायरीवर सिमेंट ओलं आहे, पाय सांभाळून टाक.

दावा चालू आहे. तारखेला दोघं चुलते-पुतणे एकाच टमटमनं येतात, वेगवेगळ्या बाकांवर बसतात आणि पुकारा व्हायच्या आधी एकमेकांना तंबाखू देतात. पुढच्या तारखेला नक्की तडजोड होईल, असं दोन्हीकडचे वकील म्हणतात. मला तसं वाटत नाही. दोघांनाही आता कोर्टात यायला आवडू लागलं आहे.